मैहरचा वाद्यवृंद

आपल्या संगीताचा इतिहास म्हणजे व्यक्तींच्या नांवांची माळ आहे. तानसेन झाला, सदारंग झाला, हद्दूखां-हस्सूखां झाले, आणि त्यांच्यामागून घराण्यांचे वंशवृक्ष वाढले. दहा-वीस माणसांनीं एकत्र बसून, कोणींहि दुसऱ्याच्या पुढें न जातां, जें वाजविलें त्याची नोंद या इतिहासांत क्वचितच आढळते. ‘बँड’ हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात, झगमगीत डगले आणि पितळी कर्ण्यांचा गोंगाट उभा राहतो, आणि त्याच्या शेजारीं रागदारीला बसविण्यास मन तयार होत नाहीं. असें असतां बाघेलखंडांतील एका लहानशा संस्थानांत निघालेल्या बँडविषयीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे, तें केवळ कुतूहलापोटीं नव्हे. माणसांचा मेळ कशानें जमतो आणि त्या मेळाची किंमत कोण देतो, हे प्रश्न संगीतापुरतेच नाहींत.

प्रयागहून जबलपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सतना सोडल्यावर मैहर लागतें. टेकडीवर शारदादेवीचें देऊळ आणि पायथ्याशीं गांव, एवढीच त्याची एके काळची ओळख. तेथील राजे ब्रिजनाथसिंह यांनीं सुमारें १९१८ सालीं अल्लाउद्दीनखां यांस आपले गुरु म्हणून आश्रय दिला. त्याच सालीं इन्फ्लुएन्झाची ती भयंकर साथ आली. आपल्याकडील जुनीं माणसें तिला ‘मानमोडी’ म्हणत. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें त्या साथींत दगावलीं असें अभ्यासक मानतात. मैहरच्या आसपासहि घरेंच्या घरें ओस पडलीं आणि कित्येक मुलें पोरकीं झालीं. अशांपैकीं कांहीं मुलें खांसाहेबांच्या हवालीं करण्यांत आलीं, आणि तीं हाताशीं धरून त्यांनीं मैहरचा बँड उभारला.

या गोष्टीचें मर्म समजण्यासाठीं गुरूचें पूर्वायुष्य ध्यानांत घेतलें पाहिजे. अल्लाउद्दीनखां मूळचे पूर्व बंगालमधील शिबपूर गांवचे. हें गांव आज बांगलादेशांत आहे. गाण्याच्या वेडानें ते बाळपणींच घर सोडून पळाले आणि कलकत्त्यास आले. तेथें ‘नुलो गोपाल’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या गायकापाशीं त्यांनीं वर्षानुवर्षें स्वरसाधना केली. गुरु निवर्तल्यावर ते वाद्यांकडे वळले. स्वामी विवेकानंदांच्या नात्यांतील अमृतलाल ऊर्फ हाबू दत्त यांजकडे अनेक वाद्यें, हजारी उस्तादांकडे सनई, आणि लोबो नांवाच्या एका गोमंतकीय ख्रिस्ती बँडमास्तरापाशीं व्हायोलिन, असें त्यांचें शिक्षण चाललें. पोटासाठीं नाटकगृहांत ते तबलाहि वाजवीत. म्हणजे ज्या काळीं बहुतेक उस्ताद एकाच वाद्याची आणि एकाच घराण्याची राखण करीत बसले होते, त्या काळीं हा मुलगा नाटकगृहाच्या खड्ड्यांत बसून अनेक वाद्यें एका इशाऱ्यानिशीं कशीं चालतात हें पाहत होता. पुढें तो सरोदाच्या नादीं लागला आणि शेवटीं रामपूरला जाऊन तानसेनाच्या वंशांतील बीनकार वझीरखां यांचा शागीर्द झाला. वझीरखां दारांत उभें करीनात, तेव्हां यानें नबाबाच्या गाडीपुढें अंग टाकून आपली दाद लावून घेतली, अशी कथा सांगतात. कलकत्त्याच्या रंगभूमीचा मोकळेपणा आणि रामपूरच्या सेनिया परंपरेची कडक शिस्त हे दोन प्रवाह एकाच माणसांत मिळाले. मैहरचा बँड हा त्या संगमाचा परिणाम होय.

मुलांच्या हातीं जीं वाद्यें आलीं त्यांची नुसती यादीहि मनोरंजक आहे. सतार, सरोद, इसराज, तबला हीं आपलीं. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट हीं परकीं. आणि सतार व बँजो यांच्या मिश्रणानें केलेली ‘सितार-बँजो’ ही खांसाहेबांच्या स्वतःच्या कल्पनेंतली. परंतु सर्वांत चमत्कारिक म्हणजे ‘नलतरंग’. संस्थानच्या शस्त्रागारांतील निकामी बंदुकांच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून त्या ओळीनें मांडल्या, आणि जलतरंगाप्रमाणें काड्यांनीं वाजविल्या. लांब नळीचा स्वर खालचा, आंखूड नळीचा वरचा. विज्ञानाचा साधा नियम, परंतु तो तेथें लावून पाहण्यास कारागिराची दृष्टि हवी. पोलादाचा तो लखलखीत नाद तंतुवाद्यांच्या मऊ आवाजांतून स्पष्ट उठून येतो आणि साऱ्या मेळास धार आणतो.

या बँडनें जें वाजविलें तें बहुतांशीं रागांवर बांधलेल्या गतींचें संगीत होतें. पाश्चात्त्य वाद्यें घेतलीं, तरी पाश्चात्त्यांची स्वरसंहति त्याचा पाया झाली नाहीं. राग तोच, ताल तोच. फरक इतकाच कीं, एकाच चालीचे तुकडे वाद्यांच्या निरनिराळ्या गटांत वांटून दिलेले. एका गटानें वाक्य सुरू करावें, दुसऱ्यानें उचलावें, आणि समेवर सर्वांनीं एकदम यावें. मुलांना हें सारें शिकविलें तें कागदावर लिहून नव्हे, तर कानांनीं ऐकवून आणि हातांनीं घोकून घेऊन.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हा मेळ जमला कसा? आमच्या मतें त्याचें उत्तर त्या मुलांच्या पोरकेपणांत आहे. घराणेदार पंधरा वादक एका चटईवर बसवून पाहावे. प्रत्येकाचा आलाप निराळा, अभिमान निराळा, आणि मानाच्या जागेवरून पहिला तंटा ठरलेला. आपली सारी संगीतविद्या एका व्यक्तीच्या उत्स्फूर्तीवर उभी आहे. गायक पुढें आणि साथीदार मागें, ही तिची रचना. दोघे बरोबरीनें बसले तर त्याची जुगलबंदी होते, आणि तींत मेळापेक्षां चढाओढच अधिक. मैहरच्या मुलांपाशीं मिरविण्यासारखें घराणें नव्हतें, सांगण्यासारखी गुरुपरंपरा नव्हती. घरच उरलें नव्हतें. एका वेळीं, एकाच माणसाकडून, पहिल्या स्वरापासून तीं शिकलीं. त्यांचा षड्ज एक होता, तसा त्यांचा धाकहि एक होता आणि अन्नदाताहि एक होता. खांसाहेबांस सारे ‘बाबा’ म्हणत. या मुलांच्या बाबतींत तो शब्द उपचाराचा राहिला नसावा.

परंतु येथें एक शंका मनास टोचल्यावांचून राहत नाहीं. बाबांचा राग प्रसिद्ध होता. खुद्द पुत्र अलीअकबरखां यांनीं बालपणच्या कठोर रियाजाच्या आणि माराच्या आठवणी सांगितल्या आहेत. एकदां तर ते घर सोडून पळाले होते. पळून जाण्यासहि कोठें तरी ठिकाण असावें लागतें. पोरक्या मुलांना तें कोठून असणार? ज्या निराधारपणामुळें मेळ सोपा झाला, त्याच निराधारपणामुळें त्यांस नकार देण्याची मुभाहि नव्हती. शिवाय याच बाबांच्या घरीं कन्या अन्नपूर्णादेवी शिकल्या, १९३८ सालीं रविशंकर येऊन राहिले, पुढें पन्नालाल घोष आणि निखिल बॅनर्जी आले. त्या प्रत्येकास बाबांनीं स्वतंत्र प्रतिभेचा कलावंत बनविलें, आणि जगानें त्यांचीं नांवें पाठ केलीं. बँडमधील मुलांचीं नांवें रसिकांपैकीं किती जणांस सांगतां येतील? एकाच गुरूनें एका अंगणांत दोन प्रकारचीं माणसें घडविलीं: एक ‘मी’ म्हणण्यासाठीं, दुसरीं ‘आम्ही’ म्हणण्यासाठीं. पहिल्यांना कीर्ति मिळाली. दुसऱ्यांना काय मिळालें?

याचें एक उत्तर आम्हांस सुचतें. त्यांना जीव मिळाला, पोटाचा धंदा मिळाला आणि समाजांत उभें राहण्यास जागा मिळाली. साथीनें उजाड केलेल्या मुलखांत ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय त्यांच्या कार्याचा वंशहि चालला. १९२० नंतरच्या दशकांत मैहरला सरोद शिकलेल्या तिमिर बरन यांनीं कलकत्त्यास परतून आपल्या कुटुंबांतल्याच माणसांचा वाद्यवृंद उभारला, आणि पुढें ते उदयशंकरांच्या नृत्यसंघाचे संगीतकार झाले. १९४९ सालीं रविशंकर दिल्लीच्या आकाशवाणींत गेले आणि तेथील वाद्यवृंदाचे सूत्रधार झाले. आपल्या घरोघरीं रेडिओवर जें वृंदवादन ऐकूं येऊं लागलें, त्याचा एक उगम मैहरच्या त्या अंगणांत आहे.

१९४८ सालीं संस्थान विंध्य प्रदेशांत विलीन झालें. बाबा १९७२ सालीं मैहर येथेंच निवर्तले. राजाश्रय गेला, गुरु गेले, मूळचीं मुलेंहि गेलीं. परंतु बँड मोडला नाहीं. सरकारी आश्रयाखालीं त्याच्या पुढील पिढ्या त्याच गती वाजवीत राहिल्या. एका व्यक्तीची कला तिच्याबरोबर जाते, मागें राहते ती आठवण आणि ध्वनिमुद्रिका. मेळाची कला मात्र एक जण उठला तर दुसऱ्यास त्याच्या जागीं बसवून पुढें चालते. नांवें न राहिलेल्या त्या मुलांची हीच खरी कमाई आहे. आपल्या संगीताचा इतिहास पुन्हां लिहिला जाईल तेव्हां व्यक्तींच्या त्या माळेंत त्यांच्यासाठीं एखादा मणी, नांवावांचून का होईना, ओंवला जावा, एवढीच इच्छा.