वाहून नेणारी रेघ

अकरावीत सरांनी फळ्यावर सूर्य काढला, ग्रह काढला, दोघांना जोडणारी रेघ ओढली आणि म्हणाले, ‘हा रेडियस व्हेक्टर.’ मी वहीतल्या रेघेला बाणाचं टोक काढलं. विषय मिटला.

पुढे कळलं, की ‘व्हेक्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये वाहक. डेंग्यूच्या डासाला डॉक्टर व्हेक्टर म्हणतात, ते याच अर्थाने. त्याचा धातू आणि संस्कृतातला ‘वह्’ एकाच कुळातले. आपलं वाहन तिथलंच. म्हणजे ही ग्रहाला वाहून नेणारी त्रिज्या. बाणवाला अर्थ नंतरचा, १८४०च्या दशकात हॅमिल्टनने शब्द गणितासाठी उचलला तेव्हाचा.

रेघेला हे नाव मिळायच्या आधीच केप्लरने तिला मोलाची केली होती. १६०० साली तो प्रागजवळ टायको ब्राहेकडे आला आणि मंगळ त्याच्या गळ्यात पडला. टायकोची निरीक्षणं नुसत्या डोळ्यांची, पण त्या काळातली सर्वांत नेमकी. केप्लरने वर्तुळाकार कक्षा बसवून पाहिली, तर फरक पडला ८ कलांचा. पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव हिस्सा! दुसरा कुणी ‘चालतंय की’ म्हणाला असता. टायको एवढा चुकणार नाही, म्हणून केप्लरने स्वतःची मेहनत टाकून दिली.

मग त्याने कक्षेचे ३६० भाग करून प्रत्येकाचं सूर्यापासूनचं अंतर काढायला घेतलं. जवळचा ग्रह जोरात, लांबचा मंद. तेव्हा अंतरांची बेरीज म्हणजे लागणारा वेळ. हे फार किचकट, म्हणून त्याने बेरजेऐवजी क्षेत्रफळ घेतलं. समान वेळात ही रेघ समान क्षेत्रफळ झाडते. खरं तर त्याच्या युक्तिवादात दोन चुका होत्या, आणि त्यांनी एकमेकींना खोडलं. मला हा भाग सर्वांत आवडतो. लंबवर्तुळ त्याला यानंतर सापडलं. दोन्ही नियम १६०९च्या ‘अस्ट्रोनोमिया नोव्हा’त आले.

सूर्य स्वतःभोवती फिरत ग्रहांना ढकलत नेतो, असं केप्लरला वाटे. १६८७ मध्ये न्यूटनने दाखवलं, की ओढ नेमकी सूर्याच्या दिशेने असली, की क्षेत्रफळं आपोआप समान होतात. म्हणजे रेघेवरून ग्रह आत ओढला जातो, पुढे वाहून नेला जात नाही. नाव तेवढं टिकलं. (आपल्या सिद्धांतग्रंथांत पृथ्वीपासून मोजलेल्या अशा अंतराला ‘कर्ण’ म्हणत. तो बिचारा काहीच वाहत नाही.)

आपली पृथ्वी जानेवारीत सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, जुलैत १५.२ कोटींवर. मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत साधारण १८६ दिवस भरतात, तिथून परत मार्चपर्यंत १७९.