खजाना विहिरीपासून पोटमाळ्यापर्यंत

बीडहून आपल्या मांजरसुंब्याकडे येताना, शहराच्या दक्षिणेला साधारण सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. गाडी थांबवून बघणारे थोडेच. निजामशाहीच्या काळात, मुर्तजा निजामशहा गादीवर असताना, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवली. साल १५७२ सांगतात, आणि काम राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने केलं. आत तीन भुयारं आहेत. दोनांतून पाणी येतं, तिसऱ्यातून शेताकडे जातं. ना मोटार, ना लाइट. नुसता उतार.

साठा जमिनीत आणि सगळ्यांचा, हे मला यातलं महत्त्वाचं वाटतं. पुढे मलिक अंबरने औरंगाबादेत नहर बांधली तीही याच विचाराची, खापरी नळांतून अख्ख्या शहराला पाणी.

घरात मात्र साठा कितीसा होता? आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी सऱ्यांवर मातीचा थर. त्यावर पाण्याची टाकी ठेवायचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नसता, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन. म्हणून रांजण, हंडे, घागरी, सगळं खाली. बाकीचं पाणी आडात किंवा बारवेत.

१९७२ च्या दुष्काळानं हे चित्र हललं. आड आटले, बोअरचं युग आलं. हातपंप म्हटलं की सरकारी योजना डोळ्यासमोर येते; पण जालन्यातल्या मिशनऱ्यांच्या पाणी प्रकल्पात खोल बोअरसाठी पंप घडवला गेला, मग सोलापूरचा पंप आला, आणि त्याच्यावर बेतून पुढे इंडिया मार्क टू देशभर गेला. आपल्या मुलखाचं हे श्रेय आपणच सांगत नाही.

मग नळ आले, स्लॅबची घरं आली, आणि टाकी डोक्यावर चढली. आधी सिमेंटची किंवा जस्ती पत्र्याची. गुजरातेत कलोलच्या भारत विजय मिल या कापड गिरणीनं १९७५ मध्ये प्लॅस्टिकचा विभाग काढला, त्यातून सिंटेक्स आली. आज कुठल्याही कंपनीची काळी टाकी असो, आपण तिला सिंटेक्सच म्हणतो.

आमच्या पोटमाळ्यावर मात्र पत्र्याचीच होती, वडिलांनी बसवलेली. उन्हाळ्यात पाणी गार राहतं म्हणून गच्चीवर न ठेवता आत ठेवलेली. यंदा सांध्यातून गळायला लागली. डांबर झालं, एम-सील झालं, पण पत्रा गंजला की तो आतूनच खाल्ला जातो, बाहेरचं लिंपण किती टिकणार? खाली बादली लावली तर दहा मिनिटाला लिटरभर पाणी. म्हणजे दिवसाला १४४ लिटर. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. अडीच माणसांचं पाणी भिंतीत मुरत होतं, आणि नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी!

प्लंबर पोरगा वर चढला आणि म्हणाला, "काका, ही अख्खी निघत नसती. कापावंच लागतंय." बरोबर होतं. टाकी आधी बसवली होती, माळ्याचं तोंड नंतर बांधून लहान केलं होतं. आधी पाणी काढलं, मग चार तुकडे करून खाली उतरवली. बुडाशी बोटभर गाळ! नवी घेताना माळ्याच्या तोंडाचं माप घेऊन गेलो, त्यामुळे एका मोठीऐवजी दोन लहान घेतल्या आणि पाइपानं जोडल्या. जुनी दोन लाकडी ओंडक्यांवर होती. पत्र्याला ते चालतं, प्लॅस्टिकचं बूड मात्र मधे लोंबतं आणि तडकतं. म्हणून खाली सपाट जाड फळी टाकली. ओव्हरफ्लोचा पाइप बाहेर, दिसेल असा काढला, बॉल कॉक बिघडला तर लगेच कळावं म्हणून.

आता मुद्द्याचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली. पण नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं ही बातमी होत नाही, कारण प्रत्येकानं आपापली टाकी घेऊन ते झाकलंय. ज्याच्याकडे दोन हजार लिटरची टाकी त्याचा आठवडा निघतो. ज्याच्याकडे दोन ड्रम, तो तिसऱ्या दिवशी टँकरवाल्याला फोन करतो. साठवायचं काम कधीकाळी राज्यकर्त्याचं होतं, ते आता ऐपतीवर आलंय, आणि ग्रामसभेत टाक्यांचा विषय निघतो तो फक्त गावच्या जलकुंभाच्या उद्घाटनाचा. येत्या ग्रामसभेत मी एवढंच विचारणार आहे: पाणी सोडायचा दिवस आणि वेळ फळ्यावर लिहिणार का, आणि जलकुंभ शेवटचा कधी धुतला?

कुणाच्या घरी जुनी पत्र्याची टाकी किंवा माळवदाचं घर अजून उभं असेल तर फोटो खाली टाका.