पहिली भाषा कोणती? : संगणकाच्या भाषांच्या इतिहासातून एक बोध

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची ये-जा सुरू होते. कोणाला कॉमर्स की सायन्स हे विचारायचे असते, कोणाला आयटीआयचा फॉर्म भरून हवा असतो. गेल्या वर्षी असेच एक पालक आले. त्यांचा रिक्षाचा व्यवसाय आहे. म्हणाले, ‘‘सर, थोरल्याला संगणकाच्या क्लासला घातलं होतं. तीन महिन्यांची फी भरली. पोरानं सोडून दिलं. म्हणतो, अब्बा, त्यात माझं डोकंच नाही. आता धाकटी दहावी झाली. तिलाही तेच शिकायचंय. कोण म्हणतं सी शिकवा, कोण म्हणतं जावा, कोण म्हणतं पायथन. तुम्हीच सांगा, पहिली भाषा कुठली घ्यायची?’’

मी इतिहासाचा शिक्षक. संगणकाशी माझा संबंध एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आणि शाळेची निकालपत्रके एवढ्यापुरताच. तरीही त्या गृहस्थांचा प्रश्न मनात राहिला. फी गेली याचे दुःख होतेच. परंतु ‘माझं डोकंच नाही’ हा जो समज मुलाने करून घेतला, तो मला अधिक खटकला. म्हणून या भाषांचा इतिहास वाचू लागलो. त्यातून जे हाती लागले ते पालकबंधुभगिनी आणि विद्यार्थीमित्र यांच्यापुढे ठेवीत आहे.

संगणक स्वतः विचार करीत नाही. एकामागून एक सूचना द्याव्यात, त्या त्याने बिनचूक पाळाव्यात, एवढेच त्याचे काम. सूचनांच्या अशा क्रमवार रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द एका माणसाच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात बगदाद येथे मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी हे गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा हे सांगणारा त्यांचा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला आणि तेथील पंडितांच्या तोंडी त्यांच्या नावाचे ‘अल्गोरित्मी’ झाले. म्हणजे पायरीपायरीने विचार करण्याची ही विद्या संगणकाहून हजार वर्षांनी जुनी आहे. भाषा हे तिचे वाहन. वाहने बदलत आली, विद्या तीच राहिली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला संगणक कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत फक्त २०४८ शब्द मावत. त्याला सूचना द्यायच्या त्या यंत्राच्या सांकेतिक आकड्यांत. त्या काळी शिकणाऱ्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. यंत्राला जे कळे तेच माणसाने शिकायचे.

हे ओझे कमी करण्याचा प्रयत्न अमेरिकेत आधीच सुरू झाला होता. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान भाषा तयार केली. तीत गणिताची सूत्रे जवळजवळ वहीत मांडतो तशी लिहिता येऊ लागली. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएमचा संगणक आला आणि तेथे विद्यार्थ्यांना फोरट्रान शिकवली जाऊ लागली. दरम्यान ग्रेस हॉपर या विदुषींनी आग्रह धरला की, कचेरीत हिशेब ठेवणाऱ्या माणसाला सूत्रे नकोत, साध्या इंग्रजी शब्दांत सूचना लिहिता आल्या पाहिजेत. त्यांच्या कामाच्या पायावर १९५९-६० मध्ये कोबोल उभी राहिली. शास्त्रज्ञाला एक भाषा, हिशेबनिसाला दुसरी. परंतु केवळ नवख्या विद्यार्थ्यासाठी अशी यांपैकी एकही भाषा नव्हती.

ते काम दोन शिक्षकांनी केले. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्‌झ हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या कॉलेजातील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. त्यांनाही संगणक वापरता आला पाहिजे, या विचाराने त्यांनी बेसिक ही भाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता तिच्यातील पहिले कार्यक्रम चालले. मोजक्या सूचना, सोपे शब्द आणि लगेच मिळणारे उत्तर, एवढेच तिचे बळ. पण तेवढ्याने संगणक तज्ज्ञांच्या खोलीतून बाहेर आला.

हीच बेसिक पुढे आपल्या देशातील शाळांत आली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना प्रथम २५० शाळांत सुरू केली आणि बीबीसी मायक्रो हे छोटे संगणक पुरविले. यंत्र सुरू करताच पडद्यावर बेसिक हजर होई. यंत्रे आली, परंतु ती आत्मविश्वासाने शिकवू शकणारे शिक्षक मोजके होते. भाषा सोपी असून भागत नाही, सोबत जाणता माणूस लागतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

बेसिकवर टीकाही झाली. तिने मुलांना विस्कळीत लिहिण्याची सवय लागते, असे डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या मोठ्या संगणकशास्त्रज्ञाचे मत होते. शिस्तशीर विचार शिकवावा म्हणून स्वित्झर्लंडमधील निकलाउस विर्ट यांनी १९७० साली पास्कल आणली. याच सुमारास, १९७२ च्या आसपास, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पास्कल विद्यार्थ्यांसाठी होती. सी मात्र कसलेल्या माणसांनी आपल्या कामासाठी केलेले हत्यार होते. युनिक्स ही संगणकाचा सारा कारभार पाहणारी यंत्रणा त्यांना तिच्यात लिहायची होती.

तरीही आपल्याकडे हजारो मुलांची पहिली भाषा सी हीच झाली. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ती होती, नोकरीच्या मुलाखतीत तिचेच प्रश्न येत आणि नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक घरोघर पोहोचले. १९८७ साली निघालेल्या टर्बो सी चा निळा पडदा आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. सी वाईट नाही. यंत्र आतून कसे चालते हे तिच्याइतके कमी भाषा सांगतात. पण स्वतःचे नाव पडद्यावर उमटवायलाही तीत चार-पाच ओळी, महिरपी कंस आणि अर्धविराम लागतात. त्यांचा अर्थ शिकवणारा ‘पुढे कळेल’ म्हणून टाळतो, आणि ते ‘पुढे’ येण्याआधीच मूल क्लास सोडते. आमच्या त्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते.

पायथनची गोष्ट निराळी. हॉलंडमध्ये गुइडो व्हॅन रॉसम हे नवशिक्यांसाठी केलेल्या एबीसी नावाच्या भाषेवर काम करीत होते. त्या अनुभवातून त्यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तीत नाव उमटवायला एकच ओळ पुरते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही २०१९ च्या सुमारास अकरावी-बारावीला सी प्लस प्लस बाजूला ठेवून पायथन आणली.

मराठी व उर्दू माध्यमाच्या मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. या भाषेतील राखीव इंग्रजी शब्द अवघे पस्तीसच्या आसपास आहेत. ‘इफ’, ‘एल्स’, ‘फॉर’, ‘व्हाइल’ असे ते शब्द. आठवड्यात पाठ होतील. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण आकड्यांना द्यायची नावे देवनागरीतही लिहिता येतात. ‘जमा’, ‘खर्च’, ‘शिल्लक’ असे सरळ लिहावे, संगणक ते मान्य करतो. तेव्हा ‘इंग्रजी कच्चे म्हणून संगणक जमणार नाही’ ही भीती मनातून काढून टाकावी.

मग या इतिहासाचा बोध काय? आपण कोल्हापूरची माणसे. आपल्याला तालमीचा दाखला चटकन पटेल. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान बांधले. पण तालमीत आलेल्या नव्या पोराला वस्ताद लगेच त्या मैदानात उतरवीत नाही. आधी जोर-बैठका, मग हौद्यात बरोबरीच्या पोराशी जोड. पहिल्याच दिवशी कसलेल्या मल्लाशी जोड लावली आणि पोरगा चीत झाला, तर दोष पोराचा नसतो, जोड लावणाऱ्याचा असतो.

म्हणून पहिली भाषा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिल्या आठवड्यात मुलाला स्वतःच्या हाताने काही करून दाखविता येईल का? अडल्यावर विचारायला जवळपास कोणी आहे का, किंवा आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलसारखे मराठीतून ऐकता येणारे पाठ आहेत का? आणि तिसरे, घरातले एखादे खरे काम त्या भाषेत करता येईल का? कोणत्या भाषेला बाजारात भाव आहे, हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारूच नये. एक भाषा मनापासून आली की दुसरी येण्यास फार वेळ लागत नाही.

त्या गृहस्थांना मी पायथन सुचविली. दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा भेटले. मुलीने रिक्षाच्या रोजच्या हिशेबाचा बारा ओळींचा कार्यक्रम लिहिला होता. मात्र सकाळचे ३०० आणि संध्याकाळचे २५० मिळून संगणक ५५० ऐवजी ३००२५० दाखवी. दोन दिवस ती अडून बसली. शेवटी थोरल्या भावाने पाहिले आणि म्हणाला, ‘‘अगं, त्याच्या लेखी हे आकडे नाहीत, नुसती अक्षरं आहेत. आधी त्यांचे आकडे करून घे.’’ सी च्या त्या तीन महिन्यांत आकडा वेगळा आणि अक्षर वेगळे, एवढे त्याच्या मनात पक्के बसले होते. चूक दुरुस्त झाली.

‘‘आता दोघंही रात्री बसतात, सर,’’ वडील सांगत होते. ज्याला आपले डोकेच नाही असे वाटत होते, त्याच मुलाने ती चूक शोधली होती. पालकांनो, पहिली भाषा मुलाची परीक्षा घेण्यासाठी निवडू नका; ‘मला हे जमते’ असे त्याला वाटावे म्हणून निवडा.