प्रीव्हियसचे वर्ष

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे दरवर्षी एकच प्रश्न येतो : कोणते कॉलेज घ्यावे? विचारणारा विद्यार्थी बहुधा तालुक्याच्या गावचा असतो, सोबत वडील किंवा मामा असतात, हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स प्रत असते. आम्ही गुण पाहतो, विषय विचारतो आणि त्या गुणांत बसेल असे सर्वांत मोठे नाव सांगून मोकळे होतो. काही वर्षांपूर्वी एका मुलीला आम्ही असेच एक नामांकित महाविद्यालय सुचवले. साहित्याची तिला उत्तम जाण होती. प्रवेश मिळाला, आम्हालाही समाधान वाटले. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली ती परत आली नाही. वसतिगृहात जागा न मिळाल्याने ती शहराच्या दुसऱ्या टोकाला दूरच्या नातेवाइकांकडे राहत होती आणि ते राहणे तिला व त्यांनाही जड झाले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. ‘तू राहणार कुठे?’ हा साधा प्रश्न आम्ही तिला विचारलाच नव्हता.

तेव्हापासून जुनी चरित्रे-आत्मचरित्रे वाचताना आमचे लक्ष एका विशिष्ट प्रकरणावर रेंगाळते : मॅट्रिक झाल्यानंतरचे पहिले वर्ष. थोर माणसे या उंबरठ्यावर कशी उभी राहिली, त्यांनी महाविद्यालय कसे निवडले, आणि मुळात त्यांना निवड करता आली का, हे पाहू लागल्यावर आमच्या सल्ल्यातील उणीव आम्हाला नीट उमगली. प्रस्तुत लेख त्या वाचनाचे फलित आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 सालची आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 सालची. हे विद्यापीठ प्रारंभी शिकवीत नसे, ते परीक्षा घेई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. त्यामुळे ‘कोणते कॉलेज’ या प्रश्नाला जन्मापासूनच मोठे वजन होते. पर्याय मात्र बोटांवर मोजण्याइतके. मुंबईत एल्फिन्स्टन आणि मिशनऱ्यांचे विल्सन, 1869 पासून सेंट झेवियर्स. पुण्यात जुन्या संस्कृत पाठशाळेतून वाढलेले सरकारी कॉलेज, जे पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले गेले. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इलाखा केवढा विस्तीर्ण आणि पहिले पदवीधर चार, एवढ्यावरून त्या दाराची रुंदी कळावी.

निवडीचा प्रश्न प्रथम भूगोलाचा होता. गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्याहून, 1875 साली. त्या वेळी वऱ्हाडात किंवा नागपुरात कला शाखेचे महाविद्यालयच नव्हते. नागपूरचे हिस्लॉप 1883 चे आणि मॉरिस 1885 चे. तेव्हा वऱ्हाडातल्या मुलाने पुणे किंवा मुंबई गाठावी, नाही तर शिक्षण थांबवावे. आगरकरांनी पुणे गाठले. तेथे ते अत्यंत हलाखीत राहिले. एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालण्याची त्यांची हकीकत आपण शाळेत वाचलेली असते. ती आपण जिद्दीचा धडा म्हणून वाचतो. आमच्या मते ती महाविद्यालयीन खर्चाच्या इतिहासातील एक नोंद म्हणूनही वाचली पाहिजे. फी भरणे हा खर्चाचा एक भाग. राहणे, जेवणे आणि अंगावर घालणे हा त्याहून चिवट भाग. माधुकरी मागणे, आठवड्याचे वार लावून जेवणे, ओळखीच्याच्या ओसरीवर पथारी टाकणे या सोयींवर कित्येकांची पदवी उभी आहे. आणि या सोयीसुद्धा ठरावीक जातींच्या मुलांनाच उपलब्ध होत्या, हे विसरून चालणार नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या ध्यानात ही गोष्ट फार लवकर आली. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, पण खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात ना घर ना जेवण. 1901 साली तेथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. महाविद्यालयाचे खरे प्रवेशद्वार वसतिगृहात असते, हे सूत्र त्यातून सिद्ध झाले. प्रवेशाची यादी लावून दार उघडत नाही. रात्री पाठ टेकायला जागा मिळाली की ते उघडते.

आता पहिल्या वर्षाकडे वळू. महाविद्यालयातील पहिल्या परीक्षेला पुढे ‘प्रीव्हियस’ हे नाव रूढ झाले. त्यानंतर इंटर, मग बी.ए. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘प्रीव्हियसला गटांगळी खाल्ली’ असे उल्लेख सहज येत. शाळेतला हुशार मुलगा येथे प्रथमच आपटे, कारण शाळा बव्हंशी मराठी वातावरणातली आणि महाविद्यालय संपूर्ण इंग्रजी. बाळ गंगाधर टिळक 1872 साली मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती तोळामासा होती. त्यांनी पहिले वर्ष व्यायाम, पोहणे आणि शरीर कमावणे यांत घालवले, आणि परीक्षेत ते नापास झाले. पुढे गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले, हेही सर्वश्रुत आहे. ही गोष्ट विद्यार्थी मोठ्या आवडीने सांगतात, पण तिचा अर्थ सोयीने लावतात. टिळकांचे वर्ष वाया गेले नाही, याचे कारण ते काय देऊन काय घेत आहेत हे त्यांना ठाऊक होते. आम्हाला या प्रसंगात नापास होण्याचे समर्थन दिसत नाही. पहिल्या वर्षाने माणसाला स्वतःकडे पाहण्याची सवड दिली आणि एका अपयशानंतरही त्याला उभे राहू दिले, एवढे मात्र दिसते. आज आपली पहिली वर्षे एवढी सवड देतात काय, हा प्रश्न आम्हा शिक्षकांसाठी आहे.

डेक्कन कॉलेज शहराबाहेर, नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूला. पुष्कळ विद्यार्थी तेथेच राहत. केरूनाना छत्र्यांसारखे गणिताचे अध्यापक तेथे होते, ही महाविद्यालयाची ख्याती. पण टिळक-आगरकरांच्या बाबतीत अधिक परिणामकारक ठरली ती त्यांची तेथेच झालेली मैत्री. सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय त्या दिवसांतल्या चर्चांतून झाला. 1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सोबतीने न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 2 जानेवारी 1885 रोजी फर्ग्युसन कॉलेज. एका सरकारी महाविद्यालयाच्या आवारातल्या गप्पांतून दुसरे, खाजगी महाविद्यालय जन्मास आले. तेव्हा महाविद्यालय निवडताना आपण सोबतीही निवडत असतो. गुणपत्रिकेत त्याची नोंद होत नाही, आयुष्यात होते. पुढे टिळक आणि आगरकर यांचे मार्ग कटुतेने वेगळे झाले, तेही या सोबतीच्या खोलीचेच प्रमाण म्हणावे लागेल.

वयाची गोष्टही येथेच सांगू. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 चा आणि मॅट्रिक 1881 ची, म्हणजे तेविसाव्या वर्षी. त्यापूर्वी एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यास डोंगरवाटांनी चालत गेले होते आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले होते. मॅट्रिकनंतर ते प्रथम विल्सनमध्ये गेले, मग एल्फिन्स्टनमध्ये, आणि 1884 साली गणित घेऊन बी.ए. झाले. एक कॉलेज सोडून दुसरे धरणे हा काही आजचा चंचलपणा नव्हे. उशिरा येणारा आणि वाट बदलणारा विद्यार्थी या इतिहासात पहिल्यापासून आहे. आपणच त्याला अपवाद समजून त्याच्याकडे संशयाने पाहतो.

ज्यांना निवडच नव्हती त्यांचे काय? कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी. वर्गातील मुले त्यांच्या तोंडावर दार लावून घेत, असे सांगितले जाते. त्या उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या, आणि केवळ स्त्री असल्यामुळे विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली. प्रवेश मिळणे आणि सामावून घेतले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

भीमराव रामजी आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले आणि 1908 च्या प्रारंभी एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नव्हते, म्हणून फारसी घ्यावे लागले होते. विषय ‘निवडणे’ हा शब्द येथे किती पोकळ आहे पाहा. परळच्या चाळीतली अपुरी जागा हीच अभ्यासिका. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात महाविद्यालयातील उपाहारगृहवाला त्यांना चहापाणी देत नसे अशी नोंद आहे, आणि प्राध्यापक मुल्लर यांनी त्यांना पुस्तके व कपडे दिले अशीही. इंटरनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एक प्राध्यापक, एक गुरुजी, एक संस्थानिक. एवढ्या आधारावर ती पदवी उभी राहिली.

पुढे बाबासाहेबांनी स्वतः महाविद्यालये काढली तेव्हा हा अनुभव ते विसरले नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 साली मुंबईत सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरवले गेले. 1950 साली त्यांनी औरंगाबादेस (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे आणि तेथे उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. त्या पार्श्वभूमीवर या घटनेचे मोल समजते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व महाविद्यालयीन पातळीवर आणले. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या सोयीने जगावे, ही रीत या दोघांनी उलटी केली. विद्यार्थ्याचे जगणे पाहून त्यांनी महाविद्यालयाची घडी बसवली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विद्यापीठाच्या आरंभीच्या काही वर्षांनंतर मराठी भाषा उच्च परीक्षांतून वगळली गेली. तिला परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी दीर्घकाळ खटपट केली आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी ती एम.ए.च्या पातळीवर आली. म्हणजे हरिभाऊ आपटे, केशवसुत लिहीत होते त्या काळात त्यांची भाषा घेऊन पदवी मिळवणे शक्य नव्हते. आज ‘मराठी घेऊन काय करणार?’ असे घरचे विचारतात तेव्हा निदान एवढे आठवावे की, हा विषय घेता यावा म्हणून कोणीतरी आयुष्याची काही वर्षे घालवली आहेत.

1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि उंबरठा सरकला. पूर्वी अकरावीनंतर मुले महाविद्यालयात येत. आता दहावीनंतरच, पंधरा-सोळाव्या वर्षी, कनिष्ठ महाविद्यालयात येऊ लागली. निवड दोनदा करावी लागू लागली. परिणामी पदवीचे पहिले वर्ष नवखेपणाचे उरले नाही. पुष्कळदा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर जाण्यापुरते ते राहिले. ज्यांना गाव सोडून यावे लागते त्यांच्यासाठी मात्र ते आजही जुने प्रीव्हियसच आहे : नवी भाषा, नवी खोली, पहिली गटांगळी.

असो. या सर्वांतून आम्ही घेतलेला बोध साधा आहे. महाविद्यालयाचे नाव जरूर पाहावे, पण त्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. राहण्या-जेवण्याची आणि येण्याजाण्याची सोय काय? हवा तो विषय, हव्या त्या भाषेत, प्रत्यक्ष शिकवणारे कोणी आहे का, की तो केवळ माहितीपुस्तिकेत आहे? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयात आत शिरून पुस्तक हाताळता येते का? अडचण आली तर दार ठोठवावे असा एक तरी शिक्षक आहे का? आणि प्रवेश झाल्यावर पहिल्या सत्रातच एक मित्र, एक शिक्षक आणि ग्रंथालयातील एक कोपरा मिळवावा. एका परीक्षेत आपटलो तर गावची गाडी पकडू नये. शिक्षकांनीही पहिल्या वर्षाचे वर्ग नवख्या सहकाऱ्यांवर ढकलून मोकळे होऊ नये. अनुभवाची गरज तेथेच सर्वाधिक असते.

यंदाही निकालानंतर एक मुलगा वडिलांसोबत आला. त्याने सवयीने गुणपत्रिका पुढे केली. आम्ही ती बाजूला ठेवली आणि आधी विचारले, “राहणार कुठे?” वडील क्षणभर गोंधळले, मग खुर्ची पुढे ओढून बोलू लागले. त्या बोलण्यात तासभर गेला. गुणपत्रिका आम्ही सर्वांत शेवटी पाहिली.