गावाबाहेरचे गाव : ‘मंगेशकर’ आणि ‘कर’-प्रत्ययान्त आडनावे

आडनावांची चर्चा मराठीत बहुधा व्युत्पत्तीच्या अंगाने होते. आडनाव कोणत्या गावावरून, वतनावरून वा व्यवसायावरून आले हे सांगितले की अर्थ सांगून झाला, असे गृहीत धरले जाते. ‘मंगेशकर’ म्हणजे मंगेशीचा, ‘बडोदेकर’ म्हणजे बडोद्याचा. परंतु ‘अमुक गावचा’ हे विधान कोण आणि कोठे उभा राहून करतो, हा प्रश्न या पद्धतीत निसटतो. ‘कर’-आडनावाचा अर्थ गावात घडत नाही, तो गावाबाहेर घडतो. म्हणूनच पित्याच्या कुळाचे नाव ज्यांना लावता आले नाही, किंवा ते नाव लावणे ज्यांना जाचक होते, त्यांना हा प्रत्यय विशेष उपयोगी पडला. सांगली, मिरज आणि सातारा या परिसरात या विधानाची तपासणी करण्याजोगी साधने एकत्र सापडतात.

प्रथम व्याकरणाचा विचार करू. ‘कर’ म्हणजे ‘करणारा’ असे समजून संस्कृत ‘कृ’ धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. परंतु ‘सांगलीकर’ सांगली करीत नाही, तो सांगलीशी संबंधित असतो. हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात नोंदविलेल्या ‘केर’ या संबंधवाचक प्रत्ययाशी त्याची सांगड घालणे अर्थाच्या दृष्टीने अधिक सयुक्तिक वाटते. मात्र संबंध दाखविणारे पद भेद दाखविण्यासाठीच वापरले जाते. पंढरपुरात राहणाऱ्या हजारोंमधून एकास वेगळे काढावयास ‘पंढरपूरकर’ हे पद निरुपयोगी आहे. तोच मनुष्य पुण्यास येऊन राहिला की पद सार्थ होते. प्रत्यय जवळीक सांगतो, पण त्याच्या वापरास अंतराची आवश्यकता असते.

सत्ताधारी घराण्यांची उदाहरणे या सूत्राला प्रथमदर्शनी छेद देतात. पटवर्धनांचे मूळ गाव कोकणातील कोतवडे. मूळपुरुष हरभट हे इचलकरंजीच्या घोरपड्यांचे कुलोपाध्याय. चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरजेतून वेगळे होऊन १८०१ मध्ये सांगलीस स्वतंत्र ठाणे केले. त्यानंतर ‘सांगलीकर’, ‘मिरजकर’, ‘जमखंडीकर’ अशी पटवर्धनांची नावे रूढ झाली. येथे ‘कर’ स्थलांतर सांगत नाही, स्वामित्व सांगतो. तरीही ही पदे आवश्यक झाली ती शाखा अनेक झाल्यामुळे, म्हणजे त्यांना एकमेकींपासून वेगळे ओळखण्याची गरज पडल्यामुळे. शिवाय पटवर्धनांचे आडनाव कायम राहिले. ‘सांगलीकर’ हे त्यावरील विशेषण ठरले. होळकरांचे उदाहरण याच्या उलट आहे. त्यांनी इंदुरावर राज्य केले, पण त्यांच्या नावात नीरेकाठचे होळ हे गावच राहिले. ज्याच्यापाशी आधीचे कुलनाम प्रतिष्ठित आहे त्याला गाव अलंकारासारखे लाभते. इतरांच्या बाबतीत गाव हेच कुलनाम होते.

ही घडण केवळ मराठीची नाही. नॉर्वेमध्ये ग्रामीण माणसाच्या नावापुढे पित्याचे नाव आणि राहत्या शेतवाडीचे नाव येत असे, आणि वाडी बदलली की ते नावही बदले. १९२३ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास वंशपरंपरागत आडनाव आवश्यक ठरविले. त्यामुळे पित्याच्या नावावरून आलेले ‘हान्सेन’ आणि टेकडीवरच्या वाडीचे ‘हाउगेन’ ही दोन्ही नावे कायमची झाली. महाराष्ट्रात असा एक कायदा झाला नाही. पण शाळेचा दाखला, पलटणीतील भरती आणि कचेरीतील दप्तर यांनी तेच कार्य हळूहळू केले. पूर्वी प्रवासाबरोबर बदलू शकणारे विशेषण नोंदवहीत शिरताच अचल झाले.

‘मंगेशकर’ या नावाचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचावयास हवा. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. १५६० मध्ये पोर्तुगीज सत्तेच्या भयाने ते दैवत तेव्हा त्या सत्तेबाहेर असलेल्या प्रियोळ येथे हलविण्यात आले, आणि त्या परिसराला मंगेशी हे नाव मिळाले. म्हणजे गावाचे नावच एका विस्थापित देवाचे नाव आहे. तेथे १९०० मध्ये दीनानाथांचा जन्म झाला. पिता गणेशभट्ट हे देवळातील अभिषेकाचे पुरोहित. माता येसूबाई देवळाच्या सेवेतील कलावंत समाजातील. या समाजातील अपत्यास पित्याच्या कुळाचा वारसा समाजमान्य मार्गाने मिळत नसे. पित्याच्या बाजूचे ‘अभिषेकी’ हे नाव व्यवसायाचे होते आणि त्या व्यवसायाचा अधिकार जातीने ठरत होता. दीनानाथांनी घेतलेले ‘मंगेशकर’ हे नाव या अधिकाराच्या बाहेरचे आहे. देव आणि गाव यांवर पुरोहिताइतकाच हक्क तेथे जन्मलेल्या कोणाचाही असू शकतो, असे ते नाव सुचविते.

१९१८ मध्ये दीनानाथांनी सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. पुढे या कुटुंबाचे वास्तव्य सांगलीत होते. १९३३ मध्ये आशाबाईंचा जन्म तेथेच झाला. सांगलीत जन्मून मंगेशीचे नाव लावणे हीच या प्रत्ययाची स्वाभाविक गती होय.

मिरजेतील उदाहरण आणखी बोलके आहे. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने हे बडोदे सोडून बाहेर पडले. त्यांची कन्या हिराबाई १९०५ मध्ये मिरजेस जन्मली, पण ‘बडोदेकर’ म्हणून विख्यात झाली. बंधू सुरेशबाबूंनी ‘माने’ हे मातेकडील नाव लावले. एकाच घरात पित्याचे नाव कोणाकडेच गेले नाही. एकाने मातेचे कुळ घेतले, दुसरीने आईबापांनी सोडलेले शहर घेतले. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांची नावेही याच पंक्तीत बसतात. स्त्री-कलावंतांच्या नावांत गाव इतक्या सातत्याने यावे, याचे कारण पितृवंशाने नाकारलेली जागा गावाने भरून काढली, हे आहे.

साताऱ्यात हाच प्रत्यय जातिव्यवस्थेच्या दुसऱ्या टोकावर कार्य करताना दिसतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. नावाचा संबंध गावाशी जोडणारी परंपरा आहे, तशीच एका शिक्षकाच्या आडनावाशी जोडणारीही आहे, आणि दुसरीविषयी वाद आहे. वादाचा निकाल काहीही लागो, नावाची रचना महत्त्वाची ठरते. ‘कर’ हा प्रत्यय ब्राह्मणांपासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत सर्वांत आढळतो. त्यामुळे परक्या प्रांतात तो जात सांगत नाही. या गुणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. मूळ पंचक्रोशीत नावातील गाव ऐकताच घर आणि जात दोन्ही ओळखली जातात. दूरच्यापासून जे झाकले जाते ते जवळच्याला उघड असते.

यावरून लोकप्रियतेच्या कल्पनेचाही फेरविचार करावा लागतो. ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ हे आडनाव असंख्य घरांत आहे, पण ते कोणा एका घराकडे निर्देश करीत नाही. ‘मंगेशकर’ लावणारी घरे तुलनेने थोडी, पण नावाची कीर्ती सर्वदूर. लता मंगेशकर यांच्या कीर्तीनंतर (निधन २०२२) ऐकणाऱ्याला या शब्दात प्रथम आवाज ऐकू येतो, गाव नंतर आठवते. वंशाच्या अभावी घेतलेले नाव स्वतःच वंशाचे नाव झाले, हा या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण उलटफेर होय.

आता अशी नवी नावे फारशी घडत नाहीत. सांगली आणि मिरज यांच्या मधले विश्रामबाग १९१९ च्या विलिंग्डन महाविद्यालयाभोवती आणि नंतरच्या वसाहतींतून वाढले. तेथून दूर गेलेली माणसे पुष्कळ, परंतु ‘विश्रामबागकर’ म्हणवून घेण्याचा प्रघात पडला नाही, कारण ती बाहेर पडली तेव्हा त्यांची नावे दाखल्यांवर आधीच पक्की झालेली होती. दुसरीकडे मोगूबाईंचे कुर्डी १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावाचे रहिवासी होऊन राहणे आता कोणास शक्य नाही. कुर्डीकर मात्र आहेत.