जबलपूरचा पाऊस आणि बावीस चेंडू

राजाने किल्ला बांधला तर शिलालेख कोरला जातो, सरदाराला गाव मिळाले तर सनद होते. पण चार माणसे वेळ जात नाही म्हणून डाव मांडून बसली आणि त्यातून एखादा नवा खेळ निघाला, तर त्याचा कागद कोण करून ठेवणार? खेळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण ही आहे. स्नूकर हा खेळ आज जगभर खेळला जातो, त्याच्या नियमांची पुस्तके निघाली आहेत, त्यावर पैशांच्या राशी ओतल्या जातात; आणि त्याचा जन्म झाला तो आपल्याच देशात, जबलपूरच्या छावणीत. परंतु त्या जन्माची नोंद झाली ती तब्बल त्रेसष्ट वर्षांनी.

साल 1875. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. पावसाळ्याचे दिवस. कवायत बंद, शिकार बंद, चिखलामुळे घोडेस्वारीही बंद. डेव्हनशायर पलटणीतील तरुण अधिकाऱ्यांना मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलाखेरीज दुसरा विरंगुळा नव्हता. त्या टेबलावर ‘पूल’ या जातीचे खेळ चालत. पूल म्हणजे सर्वांनी मिळून लावलेले पैसे. ‘लाइफ पूल’मध्ये प्रत्येकाला एका रंगाचा चेंडू आणि तीन ‘जीव’ मिळत. तीनही गेले की गडी बाद. ‘पिरॅमिड’मध्ये पंधरा तांबडे चेंडू त्रिकोणात मांडीत, आणि जो पाडील त्याला दर चेंडूमागे ठरलेला पैसा मिळे. ‘ब्लॅक पूल’मध्ये काळा चेंडू येई, तो पाडला की जादा कमाई. थोडक्यात, खेळ कमी आणि जुगार अधिक.

या मंडळींत नेव्हिल चेंबरलेन नावाचा एकोणीस वर्षांचा अधिकारी होता. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे. त्याने सुचविले की, पिरॅमिडचे पंधरा तांबडे, ब्लॅक पूलचा काळा आणि वर आणखी काही रंगीत चेंडू असे सगळे एकाच डावात घ्यावेत. पिवळा, हिरवा व गुलाबी हे आधी आले. निळा आणि तपकिरी मागाहून. आता राहिले बारसे. वुलिच येथील लष्करी विद्यालयात नव्या, कच्च्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणतात, असे एका पाहुण्या अधिकाऱ्याच्या बोलण्यात आले होते. एकदा एका गड्याने अगदी सोपा चेंडू चुकविला तेव्हा चेंबरलेन त्याला ‘अस्सल स्नूकर’ म्हणाला. गडी रागावू नये म्हणून लगेच पुस्ती जोडली, की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत! नवशिक्याची चेष्टा खेळाचे नाव होऊन बसली.

चेष्टेतून नाव मिळते. पण खेळ टिकायचा तर नियम लागतात. अफगाण युद्धात जखमी होऊन परतल्यावर चेंबरलेन सेनापती रॉबर्ट्‌स यांच्या दिमतीस मद्रास इलाख्यात आला. उन्हाळ्यात सारा लवाजमा उटकमंडला जाई. तेथील क्लबात 1882 साली स्नूकरचे नियम लिहून बिलियर्डच्या दालनात लावण्यात आले. तोंडी चालणाऱ्या खेळाला तेथे प्रथम कायदा मिळाला.

या कायद्यात असे काय होते? ज्याने कॅरम खेळला आहे त्याला ते चटकन समजेल. राणी घेतल्यावर तिला कव्हर द्यावे लागते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. स्नूकरमध्ये असे बंधन पदोपदी आहे. आधी तांबडा पाडायचा, मग एक रंगीत. पुन्हा तांबडा, पुन्हा रंगीत. तांबड्याचा एक गुण. पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा, काळ्याचे सात. पाडलेला तांबडा परत येत नाही. रंगीत मात्र, तांबडे शिल्लक आहेत तोवर, पुन्हा आपल्या जागी ठेवतात. तांबडे संपले की रंगीत चेंडू पिवळ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या क्रमाने पाडायचे. दर तांबड्यामागे काळाच पाडला तर पंधरा आठे एकशेवीस, आणि शेवटच्या सहा रंगांचे सत्तावीस, एकूण 147. हा आकडा गाठणारी, अधिकृतपणे मान्य झालेली पहिली खेळी 1955 सालची, लंडनला, जो डेव्हिसच्या हातून. जबलपूरच्या पावसाला तोवर ऐंशी वर्षे लोटली होती.

परंतु या खेळाचे मर्म पाडण्यात नसून अडविण्यात आहे. जो चेंडू प्रथम लागला पाहिजे, त्याच्या वाटेत दुसरा चेंडू येईल अशा बेताने पांढरा ठेवून द्यायचा, यालाच ‘स्नूकर करणे’ म्हणतात. आता प्रतिस्पर्ध्याला कडेवर आपटून, वळसा घेऊन मारावे लागते; चुकला तर आजच्या नियमाप्रमाणे निदान चार गुण दुसऱ्याच्या पदरात पडतात. नियमांनी येथे मोठीच किमया केली. दुसऱ्याची चूक ही आपली कमाई ठरल्यामुळे, पाडायला काही नसतानाही विचार करायला भरपूर उरले. जुगाऱ्याच्या टेबलावर धीर धरणाऱ्याला किंमत आली.

पुढचा प्रवास सरळ आहे. 1885 साली इंग्लंडचा नामांकित बिलियर्डपटू जॉन रॉबर्ट्‌स हिंदुस्थानात आला असता कलकत्त्यास कुचबिहारच्या महाराजांबरोबरच्या भोजनप्रसंगी त्याची आपली गाठ पडली आणि आपण त्याला नियम सांगितले, असे चेंबरलेन यांनी पुढे म्हटले आहे. 1900 साली इंग्लंडातील बिलियर्ड असोसिएशनने स्नूकरला आपले नियम दिले. 1927 साली व्यावसायिकांचे पहिले अजिंक्यपद जो डेव्हिसनेच जिंकले.

एवढे होईतो हा खेळ निघाला कोठून, याविषयी नाना तर्क चालू होते. अखेर 1938 साली ब्याऐंशीच्या घरातल्या सर नेव्हिल चेंबरलेन यांनी ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपला हक्क सांगितला. पुढच्याच वर्षी लेखक कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ‘बिलियर्ड प्लेअर’मध्ये ती हकीकत मांडली, आणि हिंदुस्थानात नोकरी केलेल्या जुन्या सेनाधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला. म्हणजे 1875 या सालाचा सारा भार एका वृद्धाच्या स्मरणावर आणि त्याच्या सोबत्यांच्या साक्षीवर आहे. ती साक्ष खोटी मानण्याचे मला कारण दिसत नाही. पण ती ऐकली गेली याचे कारण विसरता येत नाही. साक्षीदार मोठ्या हुद्द्यांचे होते, आणि त्यांचे पत्र छापले जात होते.

बिलियर्डच्या प्रत्येक दालनात आणखी एक मनुष्य उभा असे. त्याला ‘मार्कर’ म्हणत. चेंडू मांडणे, ते जागी ठेवणे, गुण पुकारणे, गुण लिहिणे ही कामे त्याची. आपल्या देशातील छावण्यांत आणि क्लबांत ही नोकरी बहुधा आपल्याच माणसाकडे असे. नव्या खेळाचा कोणता रंग कोठे ठेवायचा, हे रोजच्या रोज ज्याने हाताने केले, त्याला यातले किती सुचले असेल? सर्वांचे गुण लिहिणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

तथापि नियमांचा एक गुण असा, की ते एकदा भिंतीवर लागले म्हणजे लावणाऱ्याचे राहत नाहीत. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. स्नूकरची पहिली जागतिक हौशी स्पर्धाही कलकत्त्यासच, 1963 साली झाली. ते पद भारताच्या ओमप्रकाश अग्रवाल यांनी 1984 साली डब्लिनला जिंकले. जोन्स 2003 साली निवर्तले, आणि त्याच वर्षी पुण्यातच जन्मलेला, अठरा वर्षांचा पंकज अडवानी स्नूकरचा जागतिक हौशी विजेता झाला. जबलपूरच्या मेसमध्ये ज्यांनी नुसते चेंडू मांडावेत असे ठरले होते, त्यांच्या देशबांधवांनी ते पाडून दाखविले. त्या अनामिक मार्करने पुकारलेले गुण हवेत विरले. यांचे मात्र नावानिशी नोंदले गेले आहेत.