समरहिल (दूरचित्रवाणी मालिका)
बीबीसीच्या सीबीबीसी या मुलांच्या वाहिनीवर २००८ मध्ये दाखवलेली चार भागांची नाट्यमालिका. लेखन अ‍ॅलिसन ह्यूम, दिग्दर्शन जॉन ईस्ट. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये स्थापलेल्या, इंग्लंडच्या सफक परगण्यातील समरहिल या निवासी शाळेत ती घडते. तिथे तासाला बसण्याची सक्ती नाही. नियम शाळासभेत ठरतात आणि लहानग्याचे मतही शिक्षकाच्या मताइतकेच मोजले जाते. पात्रे कल्पित असली, तरी १९९९ च्या सरकारी तपासणीनंतर शाळेवर आलेले बंद पडण्याचे गंडांतर हाच कथेचा कणा. त्यावरून शाळा आणि सरकार यांच्यात झालेल्या खऱ्या खटल्याचा शेवट तर पटकथाकाराला हेवा वाटावा असा : मार्च २००० मध्ये तडजोडीचा मसुदा आल्यावर विद्यार्थ्यांनी लंडनच्या न्यायदालनातच सभा भरवली, मतदान घेतले आणि मगच तो स्वीकारला.